दमावरचा भात

३ मे. विहारातला मोठा गंज घासायला काढला आहे. गंज म्हणजे पातेलं. आमच्याकडे पातेलं कोणी म्हणत नाही. हा तांब्याचा आहे, तळाला हात पोचवायचा तर खांद्यापर्यंत आत घालावा लागतो, आणि आतली कल्हई जागोजाग उडाली आहे. पौर्णिमेचं जेवण तोंडावर आलं. त्याआधी कळंबला नेऊन कल्हई करून आणायला हवी, आणि मळका गंज पाहिला की कल्हईवाला नाक मुरडतो. म्हणून चिंच, मीठ, राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसले आहे. माहेरी आले की मला असलीच कामं मिळतात. मला ती चालतात. नुसतं बसून गप्पा मारणं मला जमत नाही.

समोर भाची बसली आहे. तिला पुसदला नोकरी लागली, खोली घेऊन एकटी राहणार आहे.

"आत्या, साधा भात कसा करतात वं? माह्या तं नुसता गोळा होते."

"पाणी किती घालतेस?"

"अंदाजानं."

"कोणाच्या?"

ती हसली. मी घासणं थांबवलं नाही. साधा भात साधा असतो हे ज्यांनी जन्मभर भात खाल्ला त्यांचं मत आहे. आमचा मुलूख ज्वारीचा आणि कापसाचा. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत सकाळी भाकर, संध्याकाळी भाकर, आणि मध्ये कधी ताकातल्या कण्या. ज्वारी भरडून कण्या करायच्या, उकळत्या पाण्यात सोडायच्या आणि लाकडी चाटूनं सारख्या हलवत राहायच्या. हात थांबला की तळाला लागल्या. हे पोरीबाळींना चालायला लागल्यापासून माहीत. भात मात्र आमच्या चुलीवर व्हायचा नाही. भात आणायचा असायचा.

तेही सांगते. गावातल्या मोठ्या घरी लग्न झालं, पंगती उठल्या, की उन्हं कलताना त्यांचा गडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन हाक द्यायचा. आत यायचा नाही. हाक आली की घराघरांतून बायका-पोरं भांडी घेऊन निघायची. परत येताना भांड्यांतून वरणाचा, पळसाच्या पानाचा आणि किंचित तुपाचा वास यायचा. भात गार असायचा, वरणात कालवलेला, कधी त्यात चुकून बुंदीचा दाणा सापडायचा. तो दाणा सापडला की मी डोळे मिटून खायची. चव चांगलीच होती, उगाच खोटं कशाला बोलू? पण भात आणून झाल्यावर आमच्या घरातली मोठी माणसं बराच वेळ एकमेकांशी बोलायची नाहीत, हेही मला आठवतं.

छप्पन्नच्या दसऱ्याला बाबा आणि वस्तीतली आणखी काही माणसं नागपूरला जाऊन आली. आली ती पांढऱ्या कपड्यांत. मग एका संध्याकाळी सगळी वस्ती लिंबाखाली बसली आणि ठरलं की आता हाकेला जायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. बायकांनीही केले. बायकांना मोठ्या जेवणाचा भात शिजवता येत नाही, हे त्या संध्याकाळी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. ते माझ्या लग्नात आलं.

साल अठ्ठावन्न असेल नाही तर एकोणसाठ. वैशाख होता एवढं पक्कं. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. मला वाढवलं गिरजाआत्यानं, बाबांच्या बहिणीनं. ती विधवा होती, आमच्याच घरी असायची, आणि तिच्यासमोर बाबासुद्धा आवाज चढवायचे नाहीत. ठेंगणी, काळीसावळी, कापूस वेचून वेचून बोटांची टोकं फाटलेली. लग्न वस्तीतलं नव्या रीतीचं पहिलंच. मुहूर्त नाही, हुंडा नाही, वंदना घ्यायची आणि हार घालायचे. जेवणाचा विषय निघाला तेव्हा आत्या म्हणाली, "वरन-भात. आपल्या चुलीवरचा."

डोमाआबाजी तिथंच बसले होते. आबाजी म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, वस्तीतले सगळ्यांत म्हातारे. जन्मभर मोठ्या घरची कामं केलेली. लिंबाखाली त्यांनीही हात वर केला होता, पण सगळ्यांत शेवटी.

"भाकर-भाजी करा ना वं," ते म्हणाले. "कोनाले भात करता येते इथं?"

"भाकर तं रोजचीच हाय, आबाजी. त्यायच्या लग्नात भात लागते, मंग आपल्या लग्नात काहून नाही?"

"आन फसला तं? पावने उपाशी उठतीन. त्याच दिवशी मोठ्या घरीबी लगन हाय, मालूम हाय ना? हाक आली का मी भांडं घेऊन जाईन बाप्पा. आंधीच सांगून ठेवतो."

आमचा दिवस आधी ठरला होता, मोठ्या घरचा मुहूर्त मागून निघाला. पण ते सांगून उपयोग नव्हता. आबाजी उठले तर त्यांच्यामागे आणखी चारदोन म्हातारी उठतील, मग पोरं धावतील, आणि लिंबाखालचं ठरलेलं माझ्याच लग्नात मोडेल, हे सगळ्यांना कळत होतं. मला लग्नाची धास्ती नव्हती. भाताची होती.

आत्यानं तांदूळ आणवला आणि आधी थोडा करून पाहिला. सगळी वस्ती पाहायला जमली. तिनं आधण ठेवलं, तांदूळ सोडला, चाटू हातात घेतला आणि कण्यांसारखा हलवायला लागली. हलवत राहिली. तिच्या हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. उतरवला तेव्हा गंजात खळ झाली होती. पतंग चिकटवायला असते तशी, पांढरी, चकाकणारी. आबाजींनी वाकून पाहिलं.

"भिती सारवता काय वं, गिरजे?"

सगळे हसले. आत्याही हसली. मग तिनं ती खळ फेकली नाही. मांडवाच्या दोऱ्यांना रंगीत कागदाच्या पताका लावायच्या होत्या, त्या तिनं आम्हां पोरींकडून तिथंच चिकटवून घेतल्या. त्या इतक्या घट्ट बसल्या की पुढच्या पावसाळ्यापर्यंत निघाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती जे करायला निघाली त्यानं बाबा हादरले. माझी होणारी सासू धानाच्या मुलखातली, वैनगंगेकडची. लग्न करून आमच्या कोरड्या मुलखात आलेली. नाल्यापलीकडच्या गावात राहायची. आत्यानं ठरवलं, तिलाच विचारायचं.

"विहिणीले? लग्नाच्या आंधी?" बाबा म्हणाले. "नाव ठेवतीन जन्मभर. पोरीकडच्यायले भात येत नाही म्हनून."

"येत नाही तं नाहीच येत, दादा. ते का खोटं हाय?"

लग्नाआधी विहिणीनं मुलीच्या घरात पाय ठेवायचा नाही आणि मुलीकडच्या बाईनं त्यांच्या, असा आमचा दंडक होता. नवी रीत घेतली तरी तेवढा राहून गेला होता. आत्यानं तो मोडला नाही. तिनं निरोप धाडला: नाल्यात या. नाला कोणाच्याच गावात येत नाही.

चैत्र सरत आला होता. नाला कोरडा, वाळू पायाला भाजणारी. काठावर एक मोहाचं झाड. मोहाची फुलं गळून पडलेली, त्यांचा तो जड, आंबूस-गोड वास सगळ्या वाळूवर पसरलेला. आम्ही वाळूत झिरा उकरून पाणी काढलं. गंज, सरपण, बुरडाकडून आणलेली बारीक विणीची टोपली मी डोक्यावर आणली होती. नवरीनं खरं तर यायचं नाही. पण गंज आणायला दुसरं कोण होतं?

ती पलीकडच्या काठावरून उतरली. उंच, कपाळ मोठं, हातात तांदळाचं गाठोडं. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"हे सून का?" तिनं आत्याला विचारलं.

"हो जी."

"बस इथं," ती मला म्हणाली. "हात मांडीवर ठेव. भात शिजेपर्यंत उचलायचे नाही."

सासूनं माझी घेतलेली पहिली आणि शेवटची परीक्षा ती. आत्यासाठीही तीच होती.

भाचीला मी आज तेच सांगितलं जे तिथं ऐकलं. तांदूळ जुना की नवा ते आधी दाताखाली धरून पाहा. नवा चिकट असतो, त्याला पाणी बेतानं. हलक्या हातानं धू, चोळू नको. थोडा वेळ भिजू दे. पाणी भरपूर आणि खळखळ उकळतं. थंड पाण्यात तांदूळ टाकलास की तो विचार करत बसतो. सोडल्यावर एकदाच, कडेनं, तळापासून वर आणायचा, आणि मग चाटू धुऊन ठेवून द्यायचा. शीत बोटांत धरून दाबून पाहायचं. आत सुईच्या टोकाएवढी कणी लागली की ओता टोपलीत. पाणी निथळतं ती पेज. निथळलेला भात परत गंजात, झाकण घट्ट, खाली निखारे, झाकणावर निखारे. हा दम. दमावर असताना झाकण उघडायचं नाही.

"भाकर बडवनाऱ्या बाया तुमी," विहीण म्हणाली. आत्याचा हात तिसऱ्यांदा चाटूकडे गेला होता. "भाताले मारून शिजवता काय? सोडा त्याले. त्याचं तो पाह्यते."

"पन झाला हे समजन कसं? झाकन तं काढाचं नाही म्हनता."

"कान लावा."

आत्यानं मान तिरकी करून कान झाकणापाशी नेला. विहीण बाजूला उकिडवी बसली.

"सुपात तीळ पाखडल्यावानी वाजते का?"

"वाजते."

"अजून पानी हाय. आता?"

"बारीक तडतड."

"थांबा. आता?"

आत्या तशीच कान लावून राहिली. मोहाचं एक फूल गंजाच्या झाकणावर पडलं आणि निखाऱ्यात फुटलं. मग ती म्हणाली, "चूप झाला."

"मंग झाला."

झाकण काढलं. मी त्याआधी एवढा पांढरा भात पाहिला नव्हता. वरणाशिवायचा, कोणाच्याही पंगतीतून न उठलेला. शितं एकमेकांना टेकून उभी होती. आम्ही तिघी तिथंच मोहाच्या सावलीत मीठ टाकून जेवलो. विहिणीनं पेज मात्र फेकू दिली नाही. आत्यानं ती घरी आणली, पाणी घालून पातळ केली आणि माझं लग्नाचं पांढरं लुगडं तिच्यात बुडवून उन्हात ताणलं. वाळल्यावर ते जमिनीवर उभं राहिलं असतं. नेसून बसले की कागदासारखं वाजायचं. तो ताज्या खळीचा वास, उन्हाचा आणि भाताचा एकत्र, पुढं कुठल्या लुगड्याला आला नाही. आता साड्यांना खळ लागत नाही. पळसाच्या पानांच्या पत्रावळी कोणी टाचत नाही. टोपली विणणारा बुरूडही गावात राहिला नाही. कुकर आला आणि मीही कुकरच लावते, वेळ वाचतो. शिट्टीचा आवाज मात्र मला भांडखोर वाटतो.

लग्नाचा दिवस. वस्तीनं त्यासाठी घेतलेला हाच गंज लिंबाखाली तीन दगडांवर चढवला होता, शेजारी दुसरा त्याहून लहान. आदल्या दिवसापासून बैलगाडीनं पाणी आणून ठेवलेलं. वंदना झाली, हार झाले. माणसं पंगतीला बसली, समोर पत्रावळी, पत्रावळी उडू नयेत म्हणून त्यांवर खडे. वरण तयार होतं. भात दमावर होता. पाव्हण्यांची पोरं रडायला लागली. विहीण पलीकडं नवऱ्याकडच्या बायकांत बसली होती. तिनं मान वळवून आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती मदतीला आली असती तर भात तिचा झाला असता, हे तिला कळत होतं. मला ते तिच्या घरी नांदायला लागल्यावर खूप दिवसांनी कळलं.

मोठ्या घराकडून आधीच वाजंत्री ऐकू येत होती. ती थांबली. पंगती उठल्या असाव्यात. आणि मग गल्लीच्या तोंडाशी किसन आला. तो मोठ्या घरचा गडी, दर वेळी तोच यायचा.

"चाला हो! जेवन निंघालं! भांडे घेऊन या!"

पंगतीतल्या माना गल्लीकडं वळल्या. आबाजी उठले. त्यांनी खरंच बाजेखालून भांडं काढलं. त्यांच्यामागे दोन म्हाताऱ्या गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. बाबा पुढं झाले, पण आत्यानं त्यांना हातानं मागं सारलं. भांडण झालं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. ती आबाजींपाशी गेली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "जा जी, आबाजी. कोन अडवते? पन आंधी माह्यं एक काम करा. माह्ये कान आता गेले. हा भात तडतड वाजून राह्यला का चूप झाला, तेवढं सांगा. तुमचे कान पक्के हायेत."

आत्याचे कान इतके तिखट होते की शेजारच्या घरातली कुजबुज तिला ऐकू यायची. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

आबाजींनी भांडं खाली ठेवलं. उकिडवे बसले, एक हात कानामागं धरून झाकणाकडं झुकले. चेहरा असा केला की जणू आत कोणी त्यांचंच नाव घेत होतं.

"वाजते," ते म्हणाले. "तीळ पाखडल्यावानी."

"थांबा मंग."

"चाला हो! किती वाट पाहाची?" किसननं पुन्हा हाक दिली.

आबाजी डोळे मिटून ऐकत होते. सगळी पंगत त्यांच्याकडं पाहत होती. निखाऱ्यांचा धूर डोळ्यांत जात होता, पण ते हलले नाहीत.

"आता बारीक वाजते."

"डोमाजी! येता का नाही?" किसन ओरडला. "भात सरून जाईन!"

आबाजींनी डोकं वर केलं. डोळे लाल झाले होते.

"चूप रे लेका!" ते गल्लीकडं बघून खेकसले. "भात ऐकू येऊन नाही राह्यला!"

आधी कोणाला कळलंच नाही काय झालं. मग पंगतीच्या टोकाला एक बाई फसकन हसली आणि मग सगळा मांडव. आबाजी मात्र पुन्हा कान लावून बसले होते. ते हसणाऱ्यांवरही हात उगारत होते. किसन थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. उठलेल्या दोन्ही म्हाताऱ्या परत खाली बसल्या.

"चूप झाला," आबाजी म्हणाले. "गिरजे, पाह्य वं. चूप झाला."

"तुमीच काढा जी झाकन."

वाफ उठली ती मांडवाच्या पताकांपर्यंत गेली. भात झाला होता. नाल्यातल्यासारखा नाही, मध्ये ठिकठिकाणी गोळे होते आणि धाकटा गंज खालून करपला. करपलेलं आत्यानं वाढायला काढलंच नाही, मागं ठेवलं आणि शेवटी आम्ही घरच्यांनी खाल्लं. खरवडही छान लागते. आबाजी तीनदा भात घेऊन जेवले आणि प्रत्येक वेळी शेजारच्याला सांगत राहिले की झाकण थोडं आधी काढलं असतं तर सगळा फसला असता. विहीण जेवून उठताना आत्याजवळ थांबली आणि म्हणाली, "मीठ जरा कमी पडलं." आत्या म्हणाली, "तुमीच शिकवलं जी." दोघींनी एकमेकींकडं पाहून तोंडाला पदर लावला.

भाचीनं विचारलं, "मग आबाजी पुन्हा कधी गेले का तिकडं?" नाही गेले. मोठ्या घरचं त्यांचं काम मात्र त्या उन्हाळ्यात सुटलं, आणि उरलेली वर्षं त्यांनी आमच्या वस्तीच्या प्रत्येक लग्नात गंजापाशी बसून काढली. ऐकू येईनासं झालं तरी बसायचे. कोणी त्यांना उठवलं नाही. आत्यानं पुढं कितीतरी जेवणं केली. तिला वेळ लागायचा, पण हात धरून ठेवायला ती शिकली. फार माणसांना ते साधत नाही. मी स्वतः अजून अधूनमधून चाटू घालते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. वऱ्हाड उन्हं चढायच्या आत निघणार होतं आणि चुली तशाच पडल्या होत्या. लिंबाखाली राख भरत होते तेवढ्यात किसन आला. या वेळी तो गल्लीच्या तोंडाशी थांबला नाही. हाक मारून कोणी येत नाही हे त्याला कळलं असावं. डोक्यावरची मोठी टोपली त्यानं आमच्या अंगणात उतरवली. वर ओलं फडकं होतं.

"बाई, कालचा भात हाय. न्यायले कोनीच आलं नाही. दुपारपर्यंत आंबून जाईन. ठेवून घे."

"आमचाबी उरला जी."

"मोठ्या घरचा हाय हा."

"आन हा लहान्या घरचा." मी एक पत्रावळ झटकली, गंजातला आमचा भात तिच्यावर वाढला, मिठाचा खडा ठेवला आणि त्याच्यासमोर मांडली. "एवढ्या सकाळी हिंडून राह्यले. बसा, घासभर घ्या."

त्यानं पत्रावळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं.

"मले भूक नाही," तो म्हणाला.

"आमालेबी नाही जी."

तो टोपली उचलायला वाकला. मोठ्या घरी दोघांनी मिळून ती त्याच्या डोक्यावर दिली असणार; एकट्याला ती गुडघ्याच्या वर येईना. दोनदा उचलली, दोनदा खाली ठेवली. मी राखेचे हात लुगड्याला पुसले, पलीकडची कड धरली आणि म्हणाले, "उचला." त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं, पण उचलली. आम्ही दोघांनी ती त्याच्या डोक्यावर चढवली. तो गल्लीच्या बाहेर जाईपर्यंत मी पाहिलं, मग मांडलेली पत्रावळ माझ्याकडं ओढली आणि जेवायला बसले.